दीडशेचा प्लॅन आणि चौऱ्याण्णवचा आकडा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागर तालुक्यातील एका वाडीत आपले जुने चिरेबंदी घर आहे. स्थानिक केबलचालकाकडून आपण १५० एमबीपीएसचा फायबर प्लॅन घेतला आहे, आणि त्याने बसवलेल्या ओएनटीला, म्हणजे फायबरची तार जिथे संपते त्या पेटीला, स्वतः विकत घेतलेला राउटर जोडून तो ओटीवर ठेवला आहे. राउटरजवळ बसून मोजले तर दिवसा वेग नेहमी ९३-९४ येतो, माजघरात तो २० वर उतरतो, आणि रात्री नऊनंतर राउटरजवळही ३०-४० मिळून परदेशी ग्राहकांबरोबरची बैठक तुटू लागते. आता एका मोठ्या कंपनीचा फायबर मुख्य रस्त्यापर्यंत, म्हणजे घरापासून सुमारे ८०० मीटरवर आला आहे, आणि दुसरी एक कंपनी छपरावर पेटी बसवून फाइव्ह-जी वरून इंटरनेट देऊ म्हणते. या दोहोंपैकी काय घ्यावे, असे आपण विचारता.

माझे उत्तर असे की, तूर्त काहीच घेऊ नये. मी गेली अठरा वर्षे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आधी केबलची आणि पुढे फायबरची कामे करतो आहे. आपण दिलेल्या आकड्यांवरून मला एक नव्हे, तीन वेगवेगळी दुखणी दिसतात. त्यांपैकी पहिल्या दोहोंशी कंपनीचा काहीही संबंध नाही, आणि कंपनी बदलली तरी ती आपल्या घरातच राहतील.

पहिले दुखणे त्या ९३-९४ मध्येच आहे. हा आकडा आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच ओळखू येतो. जुन्या पद्धतीच्या लॅन पोर्टची, म्हणजे यंत्रावर केबल लावायच्या खाचेची, मर्यादा १०० एमबीपीएस असते आणि त्यातून माहितीच्या प्रत्येक तुकड्याच्या वेष्टनाचा खर्च वजा जाता वापरणाऱ्याच्या हाती साधारण ९४-९५ उरतात. वेग कधी ११०, कधी ८०, कधी १४० असा हलत असेल तर वाट कुठेतरी गजबजलेली असते. पण तो दिवसभर एकाच आकड्यावर खिळलेला असेल तर मध्ये कुठेतरी अरुंद दार आहे असे समजावे. आपल्याकडे ते दार ओएनटी आणि राउटर यांच्या मधल्या तुकड्यात असणार. पुष्कळ स्वस्त ओएनटींना एकच पोर्ट गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा, आणि बाकीचे १०० चे असतात. काही राउटरही तसेच असतात. दोन्ही पोर्ट चांगले असूनही मधली केबल चारच तारांची असेल, किंवा आठांपैकी एखादी तार क्लिपमध्ये नीट बसलेली नसेल, तर दोन्ही यंत्रे मुकाट्याने १०० वर उतरतात आणि कोणताही दिवा त्याची तक्रार करत नाही. दोनशे रुपयांच्या आत मिळणारी कॅट-सिक्सची तयार पॅचकॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना क्लिप असलेली केबल, आणून ती दोन्ही बाजूंच्या गिगाबिट पोर्टमध्ये लावावी आणि पुन्हा मोजावे. लांजा तालुक्यात एकदा मी स्वतः याच ९४ पायी अर्धा दिवस खांबावर घालवला, दोन जॉइंट नव्याने केले आणि खाली उतरल्यावर पाहिले, तर उंदराने कुरतडलेली हातभर केबल टीव्हीच्या मागे पडली होती. तेव्हापासून मी शिडी लावण्यापूर्वी केबल पाहतो.

मोजण्याबद्दल दोन शब्द येथेच सांगतो. प्लॅनचा आकडा बिटमध्ये असतो आणि फाइल उतरताना संगणक जो आकडा दाखवतो तो बाइटमध्ये असतो. आठ बिटांचा एक बाइट होत असल्यामुळे १५० च्या प्लॅनवर सेकंदाला साधारण १८ मेगाबाइट उतरणे हे पूर्ण वेगाचेच लक्षण आहे. दुसरे असे की, वेग मोजणारी अॅप आपोआप सर्वांत जवळचा सर्व्हर निवडतात आणि तो पुष्कळदा आपल्याच केबलचालकाच्या किंवा त्याच्या वरच्या कंपनीच्या कार्यालयात असतो. त्यामुळे आपण मोजतो तो वेग वाडीपासून त्याच्या कार्यालयापर्यंतचा असतो. म्हणून एकदा सर्व्हरच्या यादीतून मुंबईचा दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर निवडून मोजावे आणि एकदा फास्ट डॉट कॉमवर मोजावे, कारण ते नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून वेग मोजते. तिन्ही आकड्यांत मोठी तफावत आली तर तीच खरी बातमी. हे मोजमाप लॅपटॉपला केबल लावून, सकाळी सहाला, दुपारी दोनला आणि रात्री साडेनऊला, असे सलग तीन दिवस करावे आणि कागदावर लिहून ठेवावे. हा कागद पुढे केबलचालकाशी बोलताना उपयोगी पडतो. "नेट स्लो आहे" या वाक्यावर त्याच्याकडे ठरलेले एकच उत्तर असते, ते म्हणजे राउटर बंद करून चालू करा.

दुसरे दुखणे माजघराचे आहे आणि त्याचे कारण आपल्या घराच्या भिंती आहेत. जांभ्या दगडाची नऊ ते चौदा इंची भिंत वायफायला विटेच्या भिंतीपेक्षा पुष्कळ जड जाते. त्यातून जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो आणि पाणी या लहरी शोषून घेते. त्यामुळे मे महिन्यात माजघरात येणारा वेग जुलैत आणखी उतरला तर नवल मानू नये. राउटरचा ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान असला तरी तो अशा दोन भिंतींपलीकडे फारसा पोहोचत नाही, २.४ चा पोहोचतो, पण अशक्त होऊन. अधिक अँटेनांचा महाग राउटर घेतल्याने यात विशेष फरक पडत नाही. पाच हजारांचा राउटर परत करायला निघालेली किमान डझनभर घरे मी पाहिली आहेत. मधल्या दालनात रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे फेकणारे यंत्र, लावल्यास तोही भिंतीतून गाळून आलेलाच सिग्नल पुढे पाठवतो आणि तोच पट्टा दोनदा वापरत असल्याने वेग आणखी निम्मा करतो. कौलारू घरात खरा उपाय सोपा आहे. ओटीवरच्या राउटरपासून माळ्यावरून, वाशांच्या कडेने, एक चांगली लॅन केबल माजघरात उतरवावी आणि तिच्या टोकाला दोन-तीन हजारांचा साधा अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारी पेटी, लावावा. हे काम गावातला वायरिंगवाला अर्ध्या दिवसात करतो. मात्र घरापासून सुट्या असलेल्या मांगरात किंवा पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्यांत नेट न्यायचे असेल, तर बाहेरून तांब्याची लॅन केबल ओढू नये. वळवाच्या आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा किती पडतात हे आपण जाणताच. बाहेरून गेलेली तांब्याची तार दोन्ही टोकांची यंत्रे एका झटक्यात नेते. तेथे फायबरच न्यावा. काचेतून वीज वाहत नाही.

आता तिसरे आणि खरे दुखणे, म्हणजे रात्रीचे. यासाठी आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी की, स्पष्ट चित्राच्या बैठकीला जाता-येता प्रत्येकी तीन-चार एमबीपीएस पुरतात. मग ३०-४० मिळत असतानाही बैठक तुटते, ती वेग कमी म्हणून नव्हे, तर वेग अस्थिर म्हणून. त्याचे पहिले कारण घरातच शोधावे. रात्री घरातले फोन चार्जिंगला लागले की ते दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ वर चढवू लागतात. बागेतला कॅमेरा आपले चित्रण पाठवत असतो. आणि अपलोडची वाट पूर्ण भरली की बैठकीतला आवाज रांगेत अडकतो. रात्री साडेनऊला पंधरा मिनिटे घरातील सर्व फोनांचे वायफाय बंद करून फक्त लॅपटॉप केबलवर ठेवून पाहावे. बैठक सुरळीत झाली तर राउटरमधील क्यूओएस नावाच्या सोयीने लॅपटॉपला अग्रक्रम द्यावा. तेवढ्याने बैठकीपुरता प्रश्न मिटतो.

तसे झाले नाही तर गर्दी घराबाहेर आहे, आणि ती कोठे आहे हेही पाहता येते. लॅपटॉपच्या कमांड खिडकीत ट्रेसर्टची (tracert) आज्ञा चालवली की वाटेतले टप्पे ओळीने दिसतात. पहिली ओळ आपल्या राउटरची, त्यानंतरच्या एक-दोन बहुधा केबलचालकाच्या कार्यालयातील यंत्राच्या असतात. त्या यंत्राला पिंग केल्यावर, म्हणजे त्याचे उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजल्यावर, दिवसा दोन ते पाच मिलिसेकंद यायला हवेत. रात्री तोच आकडा साठ-सत्तरवर जाऊ लागला किंवा मध्येच उत्तर येईनासे झाले, तर गर्दी वाडीपासून कार्यालयापर्यंतच्या भागात आहे. तो स्थिर असून मुंबईचा आकडा मात्र फुगला, तर केबलचालकाने वरून विकत घेतलेली बँडविड्थ अपुरी पडते आहे. प्रकाश काचेतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन एक मिलिसेकंद. गुहागरहून मुंबईला तीन-चार मिलिसेकंद अंतराचे आणि बाकी यंत्रांचे धरले, तरी दहा ते वीसच्या आत उत्तर यावे. रात्री ते दीडशेवर जात असेल तर तो अंतराचा दोष नाही.

या गर्दीचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. फायबर घरात आला म्हणजे कार्यालयापासून आपल्यासाठी स्वतंत्र तार आली असे नसते. जीपॉन या फायबर वाटण्याच्या पद्धतीत कार्यालयातील ओएलटी या मुख्य यंत्राच्या एका पोर्टमधून खाली सुमारे २.५ गिगाबिट आणि वर सुमारे १.२५ गिगाबिट एवढी वाट निघते, आणि ती वाटेतल्या स्प्लिटरमधून, म्हणजे प्रकाश विभागणाऱ्या डबीतून, ३२, ६४ किंवा क्वचित १२८ घरांत वाटली जाते. ईपॉन नावाची स्वस्त पद्धत पुष्कळ लहान केबलचालक वापरतात. तिच्यात दोन्ही बाजूंना प्रत्येकी १ गिगाबिटच्या आसपासच हाती लागतात. ६४ घरांना १५० चा प्लॅन विकला तर बेरीज ९६०० होते, म्हणजे जीपॉनच्या वाटेच्या जवळजवळ चौपट. यात फसवणूक नाही. सगळी घरे एकाच क्षणी पूर्ण वेग मागत नाहीत, या गृहीतकावर हा सारा व्यवसाय जगभर चालतो. पण कोकणात हे गृहीतक वर्षातून दोनदा कोसळते. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी येतात, दहा महिने बंद असलेली घरे उघडतात, प्रत्येक घरात सात-आठ फोन येतात आणि ज्या पोर्टवर एरवी वीस घरे जागी असतात तेथे साठ जागी होतात. आपला त्रास फक्त याच दिवसांतला असेल तर कंपनी बदलण्याचे कारण मला दिसत नाही. तो जुलैच्या एखाद्या साध्या मंगळवारी रात्रीही होत असेल, तर मात्र केबलचालकाला तीन दिवसांचा कागद दाखवून पोर्ट बदलून मागावा. जुन्या ओळखीचा माणूस असेल तर हे काम तो करतोही, कारण त्याला ते कार्यालयात बसून एक जोड हलवण्याएवढेच असते.

येथे प्रकाशाच्या पॉवरविषयीही सांगायला हवे, कारण लाइनमन हमखास "पॉवर कमी येते" असे म्हणून निघून जातात. ओएनटीच्या माहितीच्या पानावर ही पॉवर डीबीएम या मापात दिसते आणि ती उणे चिन्हात असते. उणे १८ ते उणे २४ ही निश्चिंत राहण्याची जागा आणि उणे २७ हा कडेलोट समजावा. कार्यालयातून सुमारे ३ डीबीएम निघाले, वाटेत आठ वाटांचे दोन स्प्लिटर लागले की प्रत्येकी साधारण साडेदहा असे २१ गेले, सहा किलोमीटर फायबरमध्ये दीड गेले आणि जॉइंट-कनेक्टरमध्ये एक गेला, तर घरात उणे साडेवीस येतात. उद्या शेजारच्या घरासाठी आपल्याच तारेवर कोणी दोन वाटांचा स्प्लिटर घातला तर आणखी साडेतीन जातात. खिडकीच्या चौकटीत तार काटकोनात दाबली गेली, किंवा हिरव्या कनेक्टरला निळा कनेक्टर जोडला, की कडेलोटापर्यंत उरलेले तीनही जातात. मात्र पॉवर कमी झाली म्हणून वेग त्या प्रमाणात कमी होत नाही. कडेपर्यंत वेग पूर्ण राहतो आणि कडेवर आला की चुका वाढतात, नेट तुटते आणि लॉसचा (LOS), म्हणजे प्रकाश येत नसल्याचा, लाल दिवा लागतो. म्हणून रोज ठरावीक वेळी मंदावणारे नेट हे गर्दीचे लक्षण, आणि पाऊस-वाऱ्यात कोणत्याही वेळी तुटणारे नेट हे तारेचे लक्षण. आपल्या भागात तारेचे शत्रू ठरलेले आहेत: माडाच्या झावळ्या, तारेवरून झोके घेणारी माकडे, कनेक्टरच्या पेटीत घर करणाऱ्या मुंग्या, आणि काच वितळवून करायच्या फ्यूजन जॉइंटऐवजी नुसती टेप गुंडाळणारे आमचेच काही धंदेबंधू. खारी हवा काचेला काही करत नाही, पण ड्रॉप वायर, म्हणजे खांबापासून घरापर्यंतची तार, ज्या पोलादी तारेच्या आधाराने लोंबते ती तार चार-पाच पावसाळ्यांत गंजते, तुटते आणि सारा भार काचेवर येतो. कनेक्टर सदऱ्याच्या टोकाने पुसू नये आणि उघड्या टोकात डोळा घालून कधीही पाहू नये. त्यातला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण तो असतो.

हे सर्व करूनही रात्रीचा त्रास उरला, तर बदल करावा. दोन पर्यायांपैकी मी फायबरच्या बाजूने आहे, पण ८०० मीटरची ड्रॉप वायर झाडांवरून लोंबवून घेऊ नये. ती पहिल्या वादळात जाईल. दोन-तीनशे मीटरच्या पुढे कंपनीने मोठी केबल टाकून वाडीत आपली पेटी बसवणे योग्य असते. एका घरासाठी कंपनी ते करत नाही. पाच-सहा घरांनी मिळून अर्ज केला की बहुधा करते. वाडीची एक बैठक येथे कामाला येईल. फाइव्ह-जीच्या पेटीचे गणित टॉवर दिसतो की नाही यावर आहे. आपले घर उतारावर आहे. मध्ये डोंगराचा खांदा किंवा दाट झाडी असेल तर तो नाद सोडावा. तपासायचे असल्यास त्याच कंपनीचे सिम फोनमध्ये घालून, पेटी जेथे बसणार तेथे उभे राहून, रात्री साडेनऊला मोजावे. त्याच वेळी टॉवरवर वाडीतले सगळे फोनही असतात, म्हणून दुपारी विक्रेत्याने करून दाखवलेली चाचणी मी धरत नाही.

कंपनी मोठी की लहान यावर मी फारसा जात नाही. इंटरनेट सेवेच्या परवान्यांचे अ, ब आणि क असे वर्ग आहेत. अ वर्गाला देशभर, ब वर्गाला साधारण राज्याएवढ्या मंडळात आणि क वर्गाला त्याहून लहान क्षेत्रात सेवा देता येते. पण गावात खांबावर चढणारा माणूस पुष्कळदा तिघांचाही एकच असतो. बीएसएनएलच्या भारत फायबरचे कामही अनेक ठिकाणी स्थानिक भागीदारच पाहतात. म्हणून विचारायचे ते वेगळेच. त्यांच्याकडे तालुक्यात स्वतःचे स्प्लायसिंग मशीन, म्हणजे तुटलेली काच जोडायचे यंत्र, आहे का, की ते चिपळूणहून येते? वरून येणारी वाट एकच आहे की दोन, आणि दोन असतील तर दोन्ही महामार्गाच्या कडेनेच येतात का? मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात एका खोदाईने अख्खे तालुके कसे बंद पडले ते आम्ही वर्षानुवर्षे पाहिले आहे. लाइट गेल्यावर कार्यालयातील यंत्रे किती तास चालतात? खांबांवर विजेवर चालणारे स्विच आहेत की फक्त स्प्लिटर? स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे कार्यालयात बॅटरी आणि आपल्या घरी ओएनटी-राउटरला हजार-दोन हजारांचा छोटा यूपीएस असला की महावितरणची लाइट जाऊनही बैठक चालू राहते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडकडे खांबच आडवे झाले, तेथे कोणाचाच इलाज नव्हता. पण एरवी दोन-तीन तास लाइट जाते तेवढ्याला हे पुरते. बागेतला कॅमेरा बाहेरगावाहून थेट पाहायचा असेल तर सार्वजनिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, मिळतो का हेही विचारावे, कारण बहुतेक कंपन्या आता शेकडो घरांना एकाच पत्त्यामागे ठेवतात.

किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला आहे का ते पाहावे. "अमर्याद" या शब्दापुढे बहुधा महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते; एका घराला ती क्वचितच लागते, पण तिच्यानंतर वेग कितीवर उतरतो ते लिहून घ्यावे. आणि वर्षाचा प्लॅन स्वस्त दिसला तरी पहिला महिना महिन्याचाच घ्यावा. तो महिना जुने कनेक्शनही चालू ठेवावे आणि दोन्हींवर तीन वेळांचे तेच मोजमाप करावे. दोन्ही कंपन्या एकाच वरच्या वाटेवर असल्याचे याच महिन्यात उघड होते. दोन्ही एकाच रात्री, एकाच वेळी मंदावतात. तसे दिसले तर पैसे वाचवून जुन्यावरच राहावे आणि बैठकीपुरता आधार म्हणून वेगळ्या कंपनीचे मोबाइल सिम जवळ ठेवावे.

तक्रार करावी लागली तर ती फोनवर न थांबवता तिचा क्रमांक घ्यावा. कंपनीच्या तक्रार केंद्राने दाद दिली नाही तर तिच्याच अपिलीय अधिकाऱ्याकडे जाता येते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तेथे पत्रे पाठवण्यात वेळ घालवू नये. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगाकडे नेता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. पण महिन्याच्या सहाशे-सातशे रुपयांसाठी रत्नागिरीला फेऱ्या घालण्यापूर्वी आपण एकदा केबलचालकाच्या घरी जाऊन तो कागद दाखवावा, असे मी सुचवेन.

जुने कनेक्शन अखेर बंद केलेच, तर ओएनटी आणि तिचा अॅडॉप्टर दोन्ही परत करून यंत्राचा अनुक्रमांक घातलेली पावती घ्यावी. यंत्र परत केले नाही म्हणून अनामत अडकलेली घरे माझ्या ओळखीची आहेत, आणि त्यांतल्या निम्म्यांनी ते खरोखर परत केले होते.